‘बे’ फोडताना या चुका टाळा

वऱ्हाडातल्या दर्यापूरकडच्या आमच्या शाळेत सातवीला उपसर्ग शिकवत होतो. ‘बे म्हणजे नसलेला’ असं फळ्यावर लिहिलं अन् घरून शब्द गोळा करून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी एका पोराच्या वहीत निघालं : बेचाळीस – चाळीस नसलेले. त्याखाली बेसन, बेडूक, बेलपान. चूक माझी. मी त्याला एकच ‘बे’ दिला. आपल्या बोलण्यात तीन नांदतात.

फळ्यावरचा होता तो फारसी. आमच्याच अचलपुरात १४९० ते १५७४ इमादशाही होती, त्याआधी बहमनींचा अंमल. फारसी दरबारातून उतरली ती पार वावरापर्यंत आली. बेइमान, बेवारस, बेपत्ता. पुढं हा ‘बे’ इतका मुरला, की ‘भान’सारख्या संस्कृत शब्दालाही चिकटला. ओळखायचं कसं? ‘बे’ झाकायचा अन् उरलेल्या शब्दाचा अर्थ उलटा होतो का ते पाहायचं. ‘सन’ला अर्थ आहे, पण बेसन म्हणजे वर्ष नसलेलं पीठ नव्हे. उरलेला तुकडाही नीट तपासा. बेकार म्हणजे मोटार नसलेला नाही. फारसीत ‘कार’ म्हणजे काम, तेच कारखान्यातलं.

बेचाळीसमधला ‘बे’ मात्र दोनाचा. पाढ्यातला ‘बे एके बे’ गुजराती शेठजींनी दुकानासोबत आणला, असं पारावर ठासून सांगणारे भेटतात. ऐकून घ्या, पोरांना शिकवू नका. संस्कृत ‘द्व’ला प्राकृतात दोन फाटे फुटले. एकात ‘द’ टिकला, त्यातून दो, दोन. दुसऱ्यात ‘द’ गळाला अन् ‘व’चा ‘ब’ झाला. गुजराती माणूस मोजतानाही ‘एक, बे, त्रण’ म्हणतो. आपण मोजायला दोन घेतलं अन् ‘बे’ पाढ्यात, बेचाळीसात ठेवला. बारा, बावीस, ब्याण्णव यांतला ‘ब’ त्याच घरचा. गंमत म्हणजे तिकडं लॅटिनमध्येही शब्दाच्या तोंडच्या ‘द्व’चा ‘ब’च झाला, अन् तोच बायसिकलच्या ‘बाय’मध्ये बसलाय. धुऱ्यावर टेकवलेली सायकल अन् ‘बे दुणे चार’, दोघांचा आजा एक!

तिसरा ‘बे’ हाकेचा. ‘काऊन बे, कुठी चालला?’ हा बरोबरीच्या गड्यालाच. मोठ्या माणसाला ‘का गा मामा’, बाईमाणसाला ‘काय वो माय’. इथं चुकलात तर व्याकरण वाचवायला येत नाही. कोल्हापूरकडून आलेले आमचे नवे सर व्हरांड्यातला पोरांचा ‘चाल बे’ आपल्यालाच म्हटला समजले अन् दोन दिवस फुगून होते.

परवा तो वहीवाला पोरगा ‘बेगम – गम नसलेली’ घेऊन आला. दाद दिली, मार्क नाही दिले. बेगम हे ‘बेग’चं, म्हणजे सरदाराच्या किताबाचं स्त्रीरूप, मूळ तुर्की. अन् तुर्कस्थानात त्या ‘बेग’चा झिजून ‘बे’ झाला. नावामागं लावतात, मेहमत बे, आपल्या ‘राव’सारखा मानानं. तुर्की अन् बल्गेरियन बोलण्यात वाक्याच्या शेपटीला लागणारा सलगीचा ‘बे’ वेगळाच. कानाला जुळतं म्हणून यांची आपल्या ‘का बे’शी सोयरीक लावू नका.

मानाचा ‘बे’ मी त्या नव्या सरांना समजावून सांगितला. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, ‘मग माझी बदली तिकडंच करायला सांगा.’