'इको-फ्रेंडली' कपडा घ्यायलात? आधी टॅग उलटा करून बघा

आमचं घर परभणीकडचं, दिवाळीच्या सुमारास एक खोली कापसानं छतापर्यंत भरलेली असते आणि आम्ही दुसऱ्या खोलीत दाटीवाटीनं झोपतो. त्यामुळं कुणी मोबाईलवर 'प्युअर ऑरगॅनिक कॉटन, फक्त 349' असं दाखवलं की माझं पहिलं विचारणं असतं, कापूस कुणाच्या रानातला? कारण वेचणी, जिनिंग (सरकी वेगळी काढणं), सूत, विणाई, रंग, शिलाई एवढ्यांच्या हाताला त्या 349 मधून काय लागलं असेल याचा हिशोब माझ्याच्यानं तर जुळत नाही. मैत्रिणी सारख्या विचारायलेत की खरं-खोटं कसं ओळखायचं, म्हणून एकदाच लिहिते.

पहिलं काम, टॅगवर 'ऑरगॅनिक' वाचून खुश होऊ नका. नुसता शब्द कुणीही छापतंय. गॉट्स (GOTS) नावाचं, ऑरगॅनिक कपड्यांचं जगभर चालणारं सर्टिफिकेट असेल तर चिन्हाशेजारी तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असतो, तो नंबर गॉट्सच्या साईटवर टाकायचा, दोन मिनिटं लागतात, नाव निघालं तर ठीक. त्यातही दोन पायऱ्या हायेत, लेबलवर सरळ 'ऑरगॅनिक' म्हणायचं तर कमीत कमी 95 टक्के ऑरगॅनिक धागा लागतो आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' असेल तर 70 टक्के. दुकानदार दोन्हीला एकच समजून विकतात. आणि सर्टिफिकेट म्हणजे देवाचा शब्द नाही बरं का, 2020 मध्ये खुद्द गॉट्सनंच आपल्या देशातला 20,000 टन कापूस खोट्या कागदांवर ऑरगॅनिक म्हणून फिरल्याचं उघड केलं होतं.

एक गोष्ट शहरातल्या लोकांना माहीत नसते, ऑरगॅनिकमधी बीटी, म्हणजे बोंडअळीसाठी जनुक बदललेलं बियाणं चालतच नाही. आता आमच्याकडं 2002 नंतर हळूहळू सगळं रान बीटीनं भरलं, म्हणजे बापानं कितीबी शेणखत, जीवामृत टाकलं तरी आमचा कापूस ऑरगॅनिक ठरत नाही. 'बेटर कॉटन' (कापसाची शेती सुधारायचा एक कार्यक्रम) लिहिलेलं असेल तर तीही वेगळी गोष्ट, त्यात बीटी चालतं, चांगलं असेल पण ऑरगॅनिक नव्हे.

दुसरं, जाळून बघा. कपडा नाही, आतल्या शिवणीतला एक धागा! माझ्या मावसबहिणीनं एका इन्स्टा पेजवरून 'इको कॉटन' कुर्ता मागवला, बाराशेला. मी धागा काढला, चिमट्यात धरून काडी लावली, तर वितळला, प्लास्टिकचा वास आणि टोकाला काळा टणक मणी. पॉलिस्टर. कापूस कागदासारखा जळतो आणि राख बोटानं चुरली जाते. पण या टेस्टची एक खोट हाय, व्हिस्कोससुद्धा कागदासारखंच जळतं, म्हणून 'बांबूचा कपडा' यानं पकडला जात नाही. बांबूचा म्हणून जो मऊसूत कपडा मिळतो तो बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतो, बांबूचा लगदा केमिकलमध्ये विरघळवून काढलेला धागा. अमेरिकेत याच दाव्यावरून 2022 मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन दुकानसाखळ्यांनी मिळून 55 लाख डॉलर दंड मान्य केला. आपल्याकडंही 2024 च्या ऑक्टोबरात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या नावानं केलेल्या खोट्या दाव्यांवर नियम काढलेत, दाव्याला पुरावा द्यावा लागतो, फसवलं गेलात तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पाण्याचं बोललंच पाहिजे. 'एका टी-शर्टला 2700 लिटर पाणी' हा आकडा प्रत्येक लेबल, म्हणजे कपड्याचा ब्रँड सांगतोय, पण मराठवाड्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू, पावसावर. पाऊस गेला की कापूस गेला, एवढं साधं. त्यामुळं लेबलला विचारा, कापूस पावसावरचा का बागायती, आणि रंगाच्या कारखान्यातलं पाणी कुठं सोडता. या दुसऱ्या प्रश्नाला निम्मे लोक गप्प होतात.

बरं, चांगले कोण? मी ज्यांचं काम बघते त्यात गोव्याचं नो नॅस्टीज, 2011 पासून ऑरगॅनिक कॉटनमध्ये. दिल्लीचं डूडलेज कारखान्यात उरलेल्या, टाकून दिलेल्या कापडातून कपडे शिवतं. पुण्याचं का-शा कतरणीसुद्धा वाया घालवत नाही. तामिळनाडूतल्या पोल्लाचीचं इथिकस साडीच्या टॅगवर विणकराचा फोटो आणि साडीला किती दिवस लागले ते देतं, मला हे सगळ्यात आवडलं, सर्टिफिकेटपेक्षाही. दिल्लीचंच इलेव्हन इलेव्हन कच्छचा काला कॉटन वापरतं, पावसावर येणारा देशी कापूस, फवारणी जवळपास नाहीच. ते वाचलं की पोटात थोडं दुखतं खरं, कारण देशी कापूस आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानंही दिला, पीए 255 म्हणजे परभणी तुराब, पीए 402 म्हणजे विनायक, रसशोषक किडीला दाद न देणारे वाण. याच्यावर कुणी लेबल काढलं तर पहिलं गिऱ्हाईक मी.

महागडं ऑनलाईन नको असेल तर नांदेडच्या खादी समितीचं कापड बघा, तिथं राष्ट्रध्वजबी बनतो, खादी मार्क (खऱ्या खादीचं सरकारी चिन्ह) बघून मीटरनं घ्या आणि गल्लीतल्या टेलरकडून शिवा, मापात बसतं आणि कतरण घरी येते, आजीच्या वाकळीला कामी येते.

लेबलला मेसेज करायचा तर हा कॉपी करा: 'ताई/दादा, कापूस कोणत्या जिल्ह्यातला, विणलं कुठं, रंग कोणता आणि रंग पक्का करायला काय वापरलं, उरलेल्या कापडाचं काय करता?' तुरटी सांगितली तर बिनधास्त घ्या, मोरचूद किंवा क्रोम (जड धातूंची रसायनं) सांगितलं तर 'नैसर्गिक रंग' या शब्दाला फार भुलू नका. उत्तरात नुसतं हिरवं पान आणि हात जोडलेला इमोजी आला तर पुढं सरका.

आणि खऱ्या नीळीचा कपडा घेतलात तर ओला पांढरा रुमाल घासून बघितल्यावर थोडा निळा होणारच, तो डाग दोष नाही, लगेच रिटर्न टाकू नका. पहिली तीन-चार धुणी वेगळी करा, सावलीत वाळवा, नायतर निळा रंग आईच्या पांढऱ्या साडीवर आणि बोलणी तुमच्या अंगावर.