विदर्भातल्या गावात घडणारी रहस्यकादंबरी : सहावी ते आठवीच्या वाचकांसाठी कशी लिहावी

सहावी ते आठवीतल्या वाचकाला चकवलेले आवडते. मात्र लेखकाने लबाडी केल्याचे लक्षात आले, तर तो पुस्तक मिटून ठेवतो आणि पुन्हा उघडत नाही. त्यामुळे या वयासाठी रहस्यकादंबरी लिहिणे मोठ्यांसाठी लिहिण्यापेक्षा सोपे असते, हा समज आधी सोडून द्यावा. विदर्भातल्या खेड्यात कथानक घडवणाऱ्या लेखकाच्या हाती एक भांडवल मात्र आयते असते. हंगाम, जनावरे, माती आणि ओलित यांविषयी गावातल्या बारा वर्षांच्या मुलाला जे ठाऊक असते, ते बदलीवर आलेल्या ठाणेदारालाही बरेचदा ठाऊक नसते. गुन्ह्याचा उलगडा याच माहितीतून व्हावा. तो भुयारावर किंवा खजिन्याच्या नकाशावर सोपवला, तर तीच गोष्ट कोकणात किंवा खानदेशातही घडू शकते आणि मग ती वरुड-मोर्शीकडे घडवण्याला काही कारण उरत नाही.

लेखनाची सुरुवात शेवटापासून करावी. गुन्हा कोणी केला, कोणत्या रात्री केला, कशासाठी केला आणि तो नेमक्या कोणत्या चुकीमुळे सापडला, हे एका कागदावर मोजक्या ओळींत उतरवल्याशिवाय पहिले प्रकरण हाती घेऊ नये. यांतली चूक सर्वांत महत्त्वाची आहे, कारण सगळे कथानक तिच्यावर उभे राहते.

उदाहरणासाठी संत्र्याच्या पट्ट्यातले एक गाव घेऊ. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आहे आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या जोडीतला एक बैल रातोरात गोठ्यातून नाहीसा झाला आहे. संशय तिघांवर आहे. त्यांपैकी एक, गावात मान असलेला बागाईतदार, ठाणेदाराला सांगतो, “रातची लाईन होती साहेब, मी तं बागेत पाणी देऊन राहिलो होतो.” हे सहज पटण्यासारखे आहे, कारण शेतीपंपांची वीज पाळीने येते आणि रात्रीची पाळी असली की शेतकरी खरोखरच बॅटरी घेऊन थंडीत ओलित करतात. परंतु आंबिया बहार धरायचा असेल, तर संत्र्याची बाग या दिवसांत ताणावर असते. झाडाने जोमाने फुलावे म्हणून तिचे पाणी मुद्दाम तोडलेले असते, पाने मलूल होऊन पिवळी पडू लागतात आणि पुढे जानेवारीत पाणी दिल्यावर बहार फुटतो. ताणावरच्या बागेला मध्येच पाणी देणे म्हणजे वर्षाचे पीक हाताने घालवणे होय. ठाणेदार ते वाक्य वहीत उतरवून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. दारापाशी उभी असलेली सातवीतली मुलगी मात्र तिथेच अडखळते.

ही खूण नागपूरच्या किंवा पुण्याच्या वाचकालाही पकडता आली पाहिजे, म्हणून ताण म्हणजे काय हे त्याला आधीच कळलेले असावे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. सापडलेला प्रत्येक धागा शोधकाने वाचकापुढे लगेच ठेवला पाहिजे, हा त्यांतला एक नियम मुलांच्या कादंबरीत तर कधीच मोडू नये. आपल्या कथेत तिसऱ्या प्रकरणात शाळेतून परतणारी मुले हातपाय धुण्यासाठी बागेतला व्हॉल्व्ह फिरवतात आणि आजोबा काठी घेऊन धावत येतात : “काहून बे, ताण मोडता काय माह्या बागेचा?” मुले सायकली टाकून पळतात, एकाची चप्पल चिखलात राहते आणि पुढचे पानभर त्या चप्पलेचीच गंमत चालते. वाचक हसत असताना माहिती त्याच्या डोक्यात शिरलेली असते. तिच्यानंतर चार-पाच प्रकरणे ताणाचा उल्लेखही करू नये, आणि त्या प्रसंगी आजोबांच्या तोंडी बहाराचे व्याख्यानही घालू नये. व्याख्यान आले की मुलांना वास लागतो.

पूर्व विदर्भात कथा घडवणाऱ्याने खुणाही तिकडच्याच शोधाव्यात. मोहाची फुले उत्तररात्रीपासून गळू लागतात आणि ती वेचायला माणसे पहाटेच निघतात. तेव्हा “दुपारी मोहफुले वेचत होतो” असे म्हणणारा माणूस भंडारा-गोंदियाकडच्या मुलांपुढे टिकणार नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते आणि अवघे गाव मंडपात बसलेले असते. सर्वांनाच सर्वांची साक्ष मिळते, अशी ती रात्र असते, आणि मधल्या अंकात कोण उठून गेले हे फक्त पुढे चटईवर बसलेल्या पोरांनी पाहिलेले असते.

हातात धरता येणारा पुरावाही एखादा असावा. एरिख केस्टनर यांच्या १९२९ सालच्या प्रसिद्ध जर्मन बालकादंबरीत मुलाने आपल्या नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टाचलेल्या असतात, आणि शेवटी नोटांवरच्या टाचणीच्या छिद्रांवरून त्या त्याच्याच असल्याचे सिद्ध होते. त्या कादंबरीत खून नाही, केवळ चोरी आहे, आणि तेवढ्यावर ती जगभर वाचली गेली. या वयासाठी खून टाळावा असे माझे मत आहे. मुले घाबरतील हे त्यामागचे कारण नाही. खून झाला की तपास पूर्णपणे पोलिसांच्या हाती जातो आणि मुलांना करण्यासारखे काही उरत नाही. कुत्रा भुंकला नाही म्हणून चोर घरचाच, ही खूण मात्र आता वापरू नये. आर्थर कॉनन डॉयल यांनी ती १८९२ सालीच वापरली आणि त्यानंतर तिच्यावर इतके हात पडले आहेत की आठवीतला मुलगाही तिला ओळखतो.

निरपराध संशयितांवर दोषी माणसाइतकीच मेहनत घ्यावी लागते. प्रत्येकाने काहीतरी खोटे बोललेले असावे आणि त्या खोट्याला स्वतःचे कारण असावे. एक काका त्या रात्री घरी नव्हते, कारण घरच्यांना न सांगता ते तालुक्याला काकूंचे दागिने सोडवायला गेले होते आणि परतीची एसटी चुकली. कर्जाचा उल्लेख इथे एका माणसाची अडचण म्हणून येतो आणि तेवढाच राहावा. विदर्भ म्हटला की शेतकऱ्याचे दुःख कथानकाला फोडणीसारखे घालणारी पुस्तके गावातली मुले लगेच ओळखतात, आणि त्यांचा राग रास्त आहे.

कथा शोध लावणाऱ्या मुलीने स्वतः सांगू नये. तिच्या मनात काय चालले आहे हे लपवायचे असते, आणि सांगणारी तीच असली की लपवणे म्हणजे लबाडी ठरते. म्हणून वॉटसन होम्सची हकिकत सांगतो आणि सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा त्याचा धाकटा चुलत भाऊ तोपशे सांगतो. आपल्या कथेत हे काम तिच्या वर्गातल्या, थोड्या भित्र्या पण डोळस मुलाकडे द्यावे. त्याने सर्व काही पाहावे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावावा.

मुले बैल शोधू शकतात, अटक करू शकत नाहीत. त्यासाठी गावचे पोलीस पाटील हा सोयीचा दुवा आहे, कारण ते गावातलेच असतात, त्यांना सगळ्यांची नाती ठाऊक असतात आणि ठाण्याला कळवणे हे त्यांचे कामच असते. मुलांचे म्हणणे त्यांनी पहिल्यांदा उडवून लावावे आणि दुसऱ्यांदा ऐकावे. मोबाइलचे रेंज नेहमी ऐन वेळीच जाते, ही क्लृप्ती एकदाच चालते. भूत व चकवा गावगप्पांत जरूर यावेत. शेवटी मात्र चकव्यामागचा माणूस सापडलाच पाहिजे.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत ठेवले की वाचन अडत नाही. वऱ्हाडीचा उपयोग केवळ विनोदी पात्रांसाठी करू नये. हुशार मुलगीही “मले मालूम आहे, पण सांगणार नाही” असेच म्हणेल. पूर्वेकडच्या पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी घालू नये. तिकडची झाडीबोली वेगळी आहे आणि ती येत नसेल तर येणाऱ्याकडून संवाद तपासून घ्यावेत. एकंदर लांबी पंचवीस-तीस हजार शब्दांची असावी, आणि एक प्रकरण शाळेच्या एका तासात मोठ्याने वाचून व्हावे.

कच्चा खर्डा झाला की शेवटची दोन प्रकरणे बाजूला ठेवून उरलेला भाग जवळच्या जिल्हा परिषद शाळेत, गुरुजींच्या परवानगीने, रोज एक प्रकरण याप्रमाणे वाचावा. त्यानंतर प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर संशयिताचे नाव आणि त्याचे कारण लिहायला सांगावे. बहुतेकांनी खरे नाव लिहिले, तर खूण फार उघडी पडली आहे. एकालाही साधले नाही, तर ती इतकी खोल पुरली आहे की शेवट वाचून कोणालाच समाधान वाटणार नाही. नाव बरोबर पण कारण “तो दिसायलाच तसा आहे” असे असेल, तर त्या पात्राचे वर्णन बदलावे. नाव चुकले पण कारणात ताणाची किंवा पाण्याची गोष्ट आली असेल, तर त्या मुलाजवळ बसून ती त्याला कोणत्या प्रकरणात खटकली हे विचारावे आणि नेमके तेच प्रकरण आधी दुरुस्तीला घ्यावे.