कृष्णवर्णीय मुलांची पुस्तकं निवडताना या चुका टाळा

फेब्रुवारी जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. शाळेत ब्लॅक हिस्टरी मंथ, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना आहे, मुलाला कुठलं पुस्तक देऊ? उत्तरंही ठरलेली : मार्टिन ल्यूथर किंग, बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन. पुस्तकं लायब्ररीतून येतात, प्रोजेक्ट उरकतो, मार्च लागायच्या आत ती परत जातात. उरलेले अकरा महिने त्याच पोराच्या उशाशी जी पुस्तकं लोळत असतात, त्यांत औषधालाही एक कृष्णवर्णीय मूल सापडत नाही.

सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

या तिघांची चरित्रं वाचायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण फक्त तीच वाचली तर मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की काळा माणूस म्हणजे ज्याला छळलं, ज्याला बसमधल्या जागेवरून उठायला सांगितलं, जो तुरुंगात गेला. वर्गात शेजारी बसणारा, चिप्स वाटून खाणारा, खेळात आपल्याला हरवणारा मित्र त्यात कुठेच बसत नाही. त्या मित्राचा विचार तर कुणी करतच नाही. वर्षातून एकदा सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बघतो, तोही गुलामगिरीचा धडा चालू असताना. कार्टर वुडसन या इतिहासकारानं १९२६ मध्ये फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला, कारण शाळांमधून हा इतिहास जवळपास गायबच होता. लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस याच महिन्यात साजरे व्हायचे, म्हणून फेब्रुवारी. १९७६ पासून आठवड्याचा महिना झाला. बाकीच्या महिन्यांत हे वाचू नका, असं काही त्यात लिहिलेलं नाही.

मग द्यायचं काय? साध्यासुध्या दिवसाची गोष्ट. एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ हे १९६२ सालचं पुस्तक घ्या. पीटर नावाचा छोटा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला असतो. लाल स्नोसूट घालून तो बाहेर पडतो, बर्फात पाय फरफटवत चालतो, काठीनं झाडाला ठोसतो तर बर्फाचा गोळा थेट डोक्यावर. घरी येताना एक गोळा उद्यासाठी खिशात जपून ठेवतो, आणि झोपायच्या आधी बघतो तर खिसा रिकामा. बस, एवढंच. पीटर कृष्णवर्णीय आहे हे चित्रांत दिसतं, मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. १९६३ मध्ये या पुस्तकाला अमेरिकेतलं चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. २०२० मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं आपल्या १२५ वर्षांत सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तेव्हा हेच पहिलं निघालं, ४,८५,५८३ वेळा. बर्फात खेळायला कुणाला आवडत नाही!

‘एक चांगलं पुस्तक घेतलं की झालं’

याच पीटरवरून पुढची चूक सांगता येते. कीट्स स्वतः ब्रुकलिनमधल्या ज्यू कुटुंबातले, म्हणजे गोरे. शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या अमेरिकन साप्ताहिकात एक लेख लिहिला. एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीनं पुस्तक बघताना विचारलं होतं, यात नेहमी गोरीच मुलं का असतात? लॅरिकबाईंनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं मोजली, तर ज्यांत एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती मजकुरात किंवा चित्रात आहे अशी निघाली फक्त ३४९. शेकडा ६.७. आणि त्याच लेखात त्यांनी पीटरलाही सोडलं नाही. तो कृष्णवर्णीय आहे हे मजकुरात कुठेच का म्हटलेलं नाही आणि त्याची आई एवढी ढोबळ का काढली आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

मला विचाराल तर आईबद्दलचा आक्षेप थोडा खरा आहे, आणि तरीही पुस्तक सुंदर आहे. एका पुस्तकावर सगळ्या समाजाचं ओझं टाकलं की ते कुठेतरी वाकणारच. गोऱ्या मुलांच्या हजारो गोष्टी असतात, म्हणून त्यांतल्या एखाद्या आईचं चित्र बिघडलं तरी कुणाचं काही अडत नाही. कपाटात पीटर एकटा असू नये, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

‘आम्ही ससा-अस्वलाचीच पुस्तकं घेतो, रंगाचा प्रश्नच नको’

हे अगदी समजूतदार वाटतं, पण आकडे बघा. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातलं बालपुस्तक केंद्र १९८५ पासून बालपुस्तकांत कोण दिसतं आणि ती कोण लिहितं याचा हिशेब ठेवतं. पहिल्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती १८. केंद्राच्या २०१८ च्या मोजणीत पात्रं अशी होती : निम्मी गोरी, २७ टक्के प्राणी आणि इतर वस्तू, १० टक्के कृष्णवर्णीय. आशियाई वंशाची सगळी मिळून ७ टक्के, आणि आपली मुलं त्यातच आली. म्हणजे अमेरिकन चित्रपुस्तकात कृष्णवर्णीय मुलापेक्षा ससा, अस्वल किंवा बोलका ट्रक भेटण्याची शक्यता दुपटीहून जास्त. प्राण्यांच्या पुस्तकांशी माझं वाकडं नाही. ती घेतल्यानं हा प्रश्न सुटत नाही, एवढंच.

‘विषयी’ आणि ‘कडून’ यांतला फरक न बघणं हा याचाच जोडभाऊ. २०१३ मध्ये या केंद्राकडे आलेल्या ३,२०० पुस्तकांत कृष्णवर्णीयांविषयी ९३ होती आणि त्यांनी स्वतः लिहिलेली किंवा चितारलेली ६८. न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीत वाढलेले कृष्णवर्णीय लेखक वॉल्टर डीन मायर्स यांनी २०१४ मध्ये हाच आकडा पुढे ठेवून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये विचारलं की या पुस्तकांत आमची माणसं आहेत कुठे? लहानपणी अधाशासारखं वाचणाऱ्या मायर्सना पुस्तकांत आपल्यासारखं कुणीच भेटलं नव्हतं. तेव्हा पुस्तक उलटं करून मागच्या घडीवर लेखक-चित्रकाराची ओळख वाचायची सवय लावून घ्या. पाच सेकंद लागतात. मग चित्रातले केस बघा. ज्याला ते केस ठाऊक आहेत तो वेणीची प्रत्येक ओळ, भांग, केस जपायला झोपताना घालायची टोपी नेमकी काढतो. ज्याला ठाऊक नाहीत तो गोऱ्या मुलाचंच चित्र काढून त्यात तपकिरी रंग भरतो.

मात्र लेखकाच्या ओळखीवर डोळे मिटून विसंबणं ही पुन्हा वेगळी चूक. जानेवारी २०१६ मध्ये स्कोलॅस्टिकनं जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवरचं एक चित्रपुस्तक बाजारात आणलं आणि त्याच महिन्यात मागे घेतलं. वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलीस आणि त्याची लेक हसतखेळत केक करतात, साखर संपते, धावपळ होते, अशी ती गोष्ट. चित्रकर्ती आणि संपादिका दोघीही कृष्णवर्णीय होत्या, तरी गुलामीचं असं गोजिरवाणं रूप लोकांना सहन झालं नाही. खरा हर्क्युलीस १७९७ मध्ये वॉशिंग्टनच्या इस्टेटीवरून पळून गेला. तारीख होती २२ फेब्रुवारी. वॉशिंग्टनचा वाढदिवस! ही गोष्ट मूळ कथेतच असती, तर मुलांनी जिवाचा कान करून ऐकली असती.

जुनं ते सोनं?

आजी-आजोबांच्या पिढीतल्या इंग्रजी शाळांत ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ अनेकांनी वाचलंय. वाघ झाडाभोवती गरगर पळून पळून वितळतात आणि त्यांचं तूप होतं, ते आठवून लोक अजून हसतात. तूप आहे म्हणजे गोष्ट आपल्याकडचीच, आणि ती तशीच आहे. लेखिका हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाई, नवरा इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर. पुस्तक १८९९ सालचं, त्या मद्रास इलाख्यात राहत होत्या तेव्हाचं. पुढे डॉक्टर बॅनरमन मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, आजची हाफकिन संस्था ती हीच.

पुस्तकाचे हक्क बॅनरमनबाईंच्या हातात राहिले नव्हते. अमेरिकेत कुणीही उठावं आणि छापावं अशी गत झाली, आणि नव्या चित्रांत जाड ओठ, बटबटीत डोळे, फाटके कपडे आले. ‘सॅम्बो’ ही तिथे कृष्णवर्णीयांना हिणवायची हाक होतीच. कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज यांनी १९३० च्या दशकातच या पुस्तकावर बोट ठेवलं होतं. वाघांची गंमत मुलांना द्यायची असेल तर सोपा उपाय आहे. १९९६ मध्ये याच गोष्टीची दोन नवी रूपं आली, एक ज्युलियस लेस्टर आणि जेरी पिंकनी या कृष्णवर्णीय जोडीनं केलेलं, दुसरं भारतीय नावं देऊन फ्रेड मार्सेलिनो यांनी केलेलं. चार वर्षांच्या मुलाला त्यांतलं एक द्या. मूळ पुस्तक माळ्यावर सापडलं तर रद्दीत घालू नका. बारा-तेरा वर्षांचं मूल असेल तर दोन्ही समोर ठेवा आणि चित्रांत काय बदललं ते त्यालाच शोधू द्या.

चार पानांचे फोटो बघून निकाल

१९९८ मध्ये ब्रुकलिनमध्ये तिसरीच्या एका गोऱ्या शिक्षिकेनं कॅरोलिव्हिया हेरन या कृष्णवर्णीय लेखिकेचं ‘नॅपी हेअर’ हे पुस्तक वर्गात वाचलं. पुस्तक एका मुलीच्या कुरळ्या, कुणाला न जुमानणाऱ्या केसांचं कौतुक करणारं. मुलांना ते भलतंच आवडलं. पण त्यातल्या काही पानांच्या काळपट झेरॉक्स वस्तीत फिरल्या, शीर्षकातला ‘नॅपी’ हा शब्द केसांवरून हिणवताना वापरला जाणारा, आणि शाळेत गदारोळ झाला. सभेला आलेल्या बऱ्याच जणांची मुलं त्या वर्गातही नव्हती. शिक्षिकेला धमक्या आल्या आणि ती शाळा सोडून गेली.

दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं प्रकरण आहे. जो शब्द ऐकत लोकांचं बालपण करपलं, तो परक्या माणसाच्या तोंडून अचानक आला तर राग येणारच. तुम्ही वर्गात किंवा मराठी शाळेत असं पुस्तक वाचणार असाल तर आधी पालकांना पूर्ण प्रत दाखवा. आणि पालक असाल तर ग्रुपवर आलेल्या स्क्रीनशॉटवर संतापण्याआधी पुस्तक हातात घ्या. २०२१ मध्ये टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या केटी या गावात, जिथे आपलीही भरपूर कुटुंबं आहेत, जेरी क्राफ्ट यांचं ‘न्यू किड’ एका तक्रारीवरून शाळांच्या लायब्ररीतून काढलं गेलं आणि तपासणीनंतर परत ठेवलं गेलं. नव्या खासगी शाळेत गेलेल्या कृष्णवर्णीय मुलाची ही चित्रकथा, बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळवणारी पहिलीच ग्राफिक कादंबरी. शिक्षक आपलं नाव दुसऱ्याच मुलाच्या नावात मिसळतात, हा त्यातला प्रकार आपली मुलं वाचतात तेव्हा समजावून सांगावा लागत नाही.

‘आपण कुठे काळे-गोरे? आपल्याला काय त्याचं?’

पुस्तक कितीही चांगलं असो, ते वाचून झाल्यावर घरात ‘उन्हात खेळू नको, काळी पडशील’ हेच ऐकू येणार असेल तर उपयोग शून्य. नात जन्मली की पहिला प्रश्न ‘कुणावर गेलीय, रंग कसा आहे?’ मूल मूर्ख नसतं. पीटर गोड आहे असं पुस्तकात, आणि काळं होणं वाईट असं स्वयंपाकघरात, हे त्याला लगेच कळतं. व्हिडिओ कॉलवर आजी असं बोलली तर तिच्यावर ओरडू नका, पण फोन ठेवल्यावर मुलाशी बोला. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलं होतं की पुस्तकं कुणासाठी आरसा असतात, ज्यात आपण दिसतो, कुणासाठी खिडकी, जिच्यातून दुसऱ्याचं जग दिसतं. ज्यांना फक्त आरसेच मिळतात त्यांचंही नुकसान होतं, हा त्यांचा मुद्दा आपल्याकडे कुणी फारसा सांगत नाही.

आणि आपला संबंध नाही हे तर साफ खोटं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आपल्या मुलांना ऐतिहासिक गोष्टींत भेटणारा आफ्रिकी वंशाचा माणूस बहुतेक वेळा जंजिऱ्याचा सिद्दी, म्हणजे शत्रू. मग त्याच मुलांना मलिक अंबरही सांगा : इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभार हाती घेणारा, आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते शहर वसवून नहरीनं तिथे पाणी आणणारा. १६२४ मध्ये भातवडीला त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले होते. त्याच्या काळातल्या चित्रकारांनी काढलेली त्याची चित्रं आजही उपलब्ध आहेत, ती मुलांना जरूर दाखवा.

काही नेहमीच्या अडचणी

मूल भर बसमध्ये मोठ्यानं विचारतं, ‘त्याचा रंग असा का?’ श्श् करू नका. गप्प केलं की मुलाला वाटतं, रंग ही लाजेची गोष्ट आहे. ‘माणसांचे रंग वेगवेगळे असतात, तुझा माझ्याहून वेगळा नाही का?’ एवढं पुरतं.

‘पुस्तक बोअर आहे’ असं म्हणालं, तर ते खरंच बोअर असू शकतं. बोधासाठी लिहिलेली पुस्तकं सगळ्या रंगांत मिळतात. मूल एरवी काय वाचतं ते बघा आणि त्याच जातकुळीतलं द्या, रहस्यकथा, बास्केटबॉल, भुताटकी. कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांच्या बालपुस्तकांना दिल्या जाणाऱ्या कोरेटा स्कॉट किंग पुरस्कारांच्या याद्या ऑनलाइन आहेत.

महाराष्ट्रात असाल आणि ही पुस्तकं महाग पडत असतील, तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ प्रकल्पाच्या गोष्टी फुकट वाचता येतात, मराठीतही. पण वाचताना ‘आफ्रिकेतली गोष्ट’ एवढ्यावर थांबू नका. केनियातली आहे की घानातली ते शोधा आणि नकाशावर बोट ठेवा. आणि अमेरिकेत असाल, लायब्ररीत हवं ते पुस्तक नसेल, तर बहुतेक ठिकाणी खरेदीची विनंती करायचा ऑनलाइन फॉर्म असतो. तो भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि आपल्यापैकी फार थोडे जण तो भरतात.