पद्मिनी घेऊन जळगावात थांबताना

प्रीमियर पद्मिनीसारखी जुनी मोटार टपरीपाशी थांबली की घोळका जमतोच. डावी बाजू भिंतीला लावून सावलीत उभी करा, म्हणजे लोक एकाच अंगाने येतात. आधी हात जातो तो आरशाला.

बॉनेट लगेच उघडू नका. रेडिएटरचं झाकण तापलेलं असतं आणि कुणीतरी ते फिरवायला जातोच. मे महिन्यात इंजिनाच्या तापलेल्या फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ होते, गाडी पुन्हा चालू होत नाही, मग अख्खा चौक धक्का मारायला सरसावतो. धक्क्याने वाफ जात नाही. पंपावर ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. सारखा सेल्फ मारलात तर बॅटरीही बसेल.

‘भाऊ, इकनी शे का?’ (विकायची आहे का?) याला ‘नाही’ एवढंच पुरे. आकडा सांगितला की घासाघीस सुरू! पोरांना स्टिअरिंगजवळचा गिअर खुशाल दाखवा, चावी काढून.