वर्डपॅड परत आणताय? या चुका टाळा

मामाचा फोन आला, "अरे, अपडेट झालं आणि माझं वर्डपॅडच गेलं. नोटीस उघडली तर भलतंच काहीतरी दिसतंय." सोसायटीच्या सगळ्या नोटिसा त्याने आरटीएफ (ठळक, तिरकं अशी सजावट जपणाऱ्या) फाइलमध्ये ठेवल्यात. विंडोज ९५ पासून सोबत असलेलं वर्डपॅड, म्हणजे लिहिण्याचा छोटा प्रोग्रॅम, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत काढून टाकलं आहे. बंद होणार हे सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर झालं होतं, पण असल्या घोषणा मामा कशाला वाचतोय!

मामाने केलेली चूक बरेच जण करतात. ती फाइल त्याने नोटपॅडमध्ये उघडली. नोटपॅडला आरटीएफची सजावट कळत नाही, त्यामुळे सुरुवातीला महिरपी कंस, मग तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात. युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) मराठीतल्या 'म' च्या जागी २३५० हा आकडा असतो. हा कचरा नाही, तुमचाच मजकूर आहे. मामा तो "साफ" करून सेव्ह करायच्या बेतात होता. केला असता तर नोटीस कायमची गेली असती. काही न बदलता बंद करा.

दुसरी चूक म्हणजे सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये शोधत बसणं. आधीच्या आवृत्त्यांत वर्डपॅड तिथून इन्स्टॉल करता यायचं, आता त्या यादीत ते नाहीच.

सगळ्यात महागात पडते ती डिस्क साफ करायची घाई. मोठ्या अपडेटनंतर जुनी विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये साधारण १० दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. त्यातच प्रोग्रॅम फाइल्स, मग विंडोज एनटी, मग अ‍ॅक्सेसरीज असं आत शिरलात की वर्डपॅड सापडेल. जागा करायची म्हणून हा फोल्डर आधीच उडवला असेल, तर आधीच्या २३एच२ आवृत्तीवर असलेला एखादा ओळखीतला कॉम्प्युटर शोधा. 'वर्डपॅड फुकट डाउनलोड' असं शोधून कुठल्याही साइटवरची ईएक्सई (प्रोग्रॅमची) फाइल मात्र घेऊ नका. जी वस्तू घरातच आहे ती रस्त्यावरून कशाला उचलायची?

कॉपी करताना एकटी ईएक्सई उचलली की ती उघडत नाही. शेजारी भाषेच्या नावाचं छोटं फोल्डर असतं, त्यात मेनूचा मजकूर असलेली एमयूआय फाइल असते. ती नसेल तर डबल क्लिक करून नुसतं वाट बघणं. म्हणून अख्खं अ‍ॅक्सेसरीज फोल्डर घ्या. पण ते पुन्हा विंडोज एनटीमध्येच कोंबायचा हट्ट नको, तिथे परवानगीची कटकट होते. डी ड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, शॉर्टकट डेस्कटॉपवर काढा. मग एका आरटीएफ फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, तिथून ही ईएक्सई दाखवा आणि 'नेहमी' निवडा.

परत आणलेल्या वर्डपॅडला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली एक त्रुटी बुजवावी लागली होती, आणि तिचा गैरफायदा तोवर घेतला जात होता. तेव्हा त्यात फक्त आपल्या फाइल उघडा, मेलमधून आलेल्या नकोत. माझं विचाराल तर रोजच्या कामाला लिब्रेऑफिस रायटर बरं. आरटीएफ नीट उघडतं, फुकट आहे. मामाला ते सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून पटत नाही, आणि त्यात तथ्य आहे.

इतकं करूनही मामाच्या दोन जुन्या नोटिसा इंग्रजी अक्षरांच्या खिचडीतच दिसत होत्या. त्यात वर्डपॅडचा दोष नव्हता. त्या युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या, आणि तो फॉन्ट या लॅपटॉपवर नव्हताच. जुन्या कॉम्प्युटरवरून फॉन्टची फाइल आणून इन्स्टॉल केली आणि पाणीपट्टीची नोटीस समोर आली.