घरात स्किझोफ्रेनिया असेल तर आनुवंशिकतेबाबत या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की जळगाव-धुळ्याकडे स्थळांची बोलणी सुरू होतात आणि मागोमाग कुजबुजही: "तिना काका येडा शे, ते घर नको." मग मुलीच्या परिचयपत्रात तीन काकांची नावं छापली जातात, चौथ्याचं गाळलं जातं. हे बघून जीव तुटतो, कारण ज्या भीतीपोटी हे चालतं ती आकड्यांपुढे टिकत नाही.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, आयुष्यात कधीतरी साधारण 100 पैकी एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर मुलाचा धोका 10 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे अशा 100 मुलांपैकी 90 जणांना तो होत नाही. काका-मामाला असेल तर धोका याहून बराच कमी.

"हा आजार 80 टक्के आनुवंशिक" हे वाक्य तर हमखास चुकीचं वाचलं जातं. पुतणीला आजार होण्याची शक्यता 80 टक्के, असा त्याचा अर्थ नाही. समाजात कुणाला आजार होतो, कुणाला नाही, या फरकात जनुकांचा वाटा किती, एवढंच तो आकडा सांगतो. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तीच असतात, तरी एकाला आजार असताना निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांत दुसऱ्याला होत नाही.

सुनेच्या माहेरावर खापर फोडू नका. जनुकं दोन्हीकडून येतात, आणि 2022 च्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या डीएनएमधल्या 287 जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम अगदी थोडा. म्हणून घरबसल्या लाळ पाठवून होणाऱ्या डीएनए चाचणीवर पैसे घालवू नका, ती निदान करू शकत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक उलटीच आहे: "आमच्या खानदानात कुणालाच नाही, ही बाहेरची बाधा." बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार नसतोच. पोरगा एकटाच बोलतो, जेवणात विष कालवलंय म्हणून ताट सारतो, आणि घरचे भगताकडे महिने घालवतात. उपचार जितके उशिरा सुरू होतात, तितकं सावरणं अवघड जातं.

डॉक्टरांपासून मात्र घरातला आजार लपवू नका. आजी-आजोबांपर्यंत कुणाला काय झालं, कुठली गोळी लागू पडली, ते कागदावर लिहून न्या. अशा घरातल्या पोरांनी गांजापासून लांबच राहावं. तो धोका वाढवतो. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथवर जाणं लगेच जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.