वारा पडला की सावध

ड्रोन पायलटचं सर्टिफिकेट हातात पडलं की बहुतेकांना पहिलं काम मिळतं ते प्री-वेडिंग शूटचं. मलाही तेच मिळालं. पुढच्या चार वर्षांत लग्नं केली, जमिनीची मोजणी केली, आता हंगामात फवारणीही करतो. प्रशिक्षणात नियम घोटून घेतले होते: ड्रोनचं वजन 250 ग्रॅमपर्यंत असेल तर नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) 400 फुटांच्या वर जायचं नाही, ड्रोन कायम नजरेच्या टप्प्यात. हवामानाच्या वाट्याला एक तास आला होता आणि त्यातला अर्धा प्रोजेक्टर सुरू करण्यात गेला. ते राहिलेलं मी पुरंदरच्या एका माळावर शिकलो. फी जरा जास्त पडली.

मे महिना, दुपारचे चार. मोजणीचं काम, म्हणजे शेतावर ओळीओळीने फेऱ्या मारत वरून फोटो काढायचे. सकाळपासून पश्चिमेचा वारा अंगावर येत होता, म्हणून शिकवल्याप्रमाणे ड्रोन पश्चिमेलाच धाडला. वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि वाऱ्याच्या पाठीवर परत यायचं, म्हणजे बॅटरी संपत आली तरी वारा घरी आणून सोडतो. चांगला नियम आहे, आजही पाळतो. पूर्वेला ढग चढले होते, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे, पण लांब होते. मग वारा एकदम पडला. लिंबाचं पान हलेना. मला वाटलं, झकास, आता फोटो स्थिर येतील. शेताचे मालक, सत्तरीचे आजोबा, बांधावर बसले होते. ते उठून टोपी झटकत म्हणाले, "वारा पडलाय पोरा, वळीव येतोय. आवर तुझं." मी म्हटलं, "आजोबा, दोनच ओळी राहिल्यात."

त्या दोन ओळी झाल्याच नाहीत. पाच-सात मिनिटांत पूर्वेकडून थंडगार झोत आला, सोबत धूळ आणि मातीचा वास. वळवाच्या ढगातून पाऊस खाली येताना हवा थंड करतो, ती जड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी ती कित्येक किलोमीटर पुढे पोचलेली असते. पाऊस दिसतोय तिकडे लांब आणि वारा आपल्या मानेवर. माझा पाठीचा वारा आता तोंडावर आला होता आणि ड्रोन 600 मीटर लांब होता.

इथे मी ती चूक केली जी नवीन माणूस हमखास करतो. 'रिटर्न टू होम'चं बटण दाबलं. ते बटण दाबलं की ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो, मग सरळ घराकडे निघतो. मी उंची 100 मीटर ठेवली होती, झाडं-तारा चुकाव्यात म्हणून. म्हणजे जिथे वारा जास्त, तिथेच मी त्याला स्वतःहून पाठवलं. साध्या मोडमध्ये त्याचा वेग सेकंदाला 12 मीटर. वर वारा 10 मीटरचा. उरले 2. शांत हवेत जे अंतर 50 सेकंदांत कापलं असतं, त्याला आता 5 मिनिटं लागणार होती, तीही मोटारी सतत जोराने चालवून. स्क्रीनवर बॅटरीचा आकडा 38 वरून उतरताना दिसत होता, अंतराचा जागचा हलत नव्हता.

बटण रद्द केलं, ड्रोन 25 मीटरवर आणला, स्पोर्ट मोड लावला. खाली वारा कमी असतो आणि स्पोर्टमध्ये ड्रोन जास्त कलून जोर लावू शकतो (बॅटरीही तितकीच पितो). तो सरकायला लागला. 11 टक्क्यांवर मी घरी आणायचा हट्ट सोडला आणि दीडशे मीटरवर नांगरलेल्या रानात मुद्दाम उतरवला. ढेकळांवर कलंडला, पण तुटला नाही. मी पोचेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले होते. भिजला. बॅटरी काढली, दोन दिवस पंख्याखाली ठेवला, चालू केला, चालला. मी खूश. चौथ्या उड्डाणाला डोक्याइतक्या उंचीवर एक मोटार बंद पडली आणि माझ्या समोर आदळला. पाणी आत शिरलं की सर्किट लगेच मरतंच असं नाही, हळूहळू गंजतं. भिजलेला ड्रोन दुरुस्तीवाल्याला उघडून दाखवल्याशिवाय माणसांवरून तर सोडाच, स्वतःच्या जवळही उडवू नका.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण लोकांना पावसाची भीती असते, वाऱ्याची नसते. पाऊस दिसतो. वारा आकड्यांत दिसतो आणि तो आकडा अनेकदा जमिनीजवळचा असतो. कंपनी म्हणते ड्रोन सेकंदाला 12 मीटर वारा सोसतो. सोसतो म्हणजे जागेवर टिकतो, परत येतो असं नाही. मी माझ्यासाठी त्याच्या अर्ध्यावर रेघ मारलीय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा. आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का ते कळतं. 40 मध्ये दिसली की मी पेटी उघडत नाही.

घाटातली गोष्ट आणखी निराळी. नाणेघाटात पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गर्दी होते, खाली पडणारं पाणी वारा परत वर फेकतो. लोक त्याचा व्हिडिओ काढायला ड्रोन आणतात. अरे, जो वारा पाणी उचलतोय तो तुमचं पाव किलोचं खेळणं ठेवेल का? कड्याच्या तोंडावर हवा सरळ वर चढते, तिथे ड्रोन खाली उतरायचं नाव घेत नाही, रिमोटची स्टिक पूर्ण खाली ओढली तरी वरच तरंगतो. कड्याच्या मागे चार पावलं आत याल तर तीच हवा गोल फिरून खाली दाबते. एका मित्राचा ड्रोन असाच वरून सुटला आणि मागे येऊन खडकावर बसला, सगळं मिळून वीस सेकंदांत. शिवाय किल्ले आणि जंगलाच्या हद्दीत परवानगी लागते, ते आधी बघा.

धुक्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही: ड्रोन दिसत नसेल तर उडवायचा नाही, नियमही तेच म्हणतो. सेन्सर धुक्याला भिंत समजून मध्येच ब्रेक मारतात. उन्हाचं मात्र कुणी बोलत नाही. बऱ्याच कॅमेरा ड्रोनची मर्यादा 40 अंशांची असते आणि विदर्भात मे महिन्यात पारा 45 ला जातो. तापलेली हवा विरळ, उचल कमी, मोटारी गरम, बॅटरी गाडीत ठेवलेली असेल तर आधीच भाजलेली. फुगलेली बॅटरी दाबून सपाट करून बसवणारे महाभाग मी पाहिलेत.

नवरीचे मामा हा हवामानाचाच एक प्रकार आहे. "दादा, ढगच आहेत हो, पाऊस कुठं पडतोय? पाच मिनिटं उडवा ना." पैसे ते देतात, जेवण ते घालतात, नाही म्हणायला जड जातं. मी आता आगाऊ रक्कम घेतानाच लिहून देतो की वाऱ्यापावसात ड्रोन उडणार नाही आणि त्याचे पैसे वजा होतील. दोन-तीन कामं गेली. जाऊ देत.

फवारणीत मात्र उलट फसायला होतं. गेल्या हिवाळ्यात बारामतीकडे उसाचं काम होतं. पहाटे साडेसहाला पोचलो, वाऱ्याचा टिपूस नाही. शेतकरी दादा म्हणाले, "काय हवा आहे बघा, एकदम शांत. लावा टाकी." शेजारी द्राक्षाची बाग. मी त्यांच्या वस्तीकडे बोट दाखवलं. चुलीचा धूर छपरापर्यंत वर गेला होता आणि तिथून आडवा होऊन, चादर अंथरावी तसा, बागेच्या दिशेने हळूहळू सरकत होता. थंड हवा खाली, उबदार वर, झाकण बसल्यासारखं. नोजलमधून निघालेले बारीक थेंब त्या धुरासारखेच अधांतरी राहिले असते आणि आडवे चालत बागेत गेले असते.

"धूर वर जाऊ दे, मग लावू," मी म्हटलं. दादांनी धुराकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं आणि घरात चहा टाकायला सांगितला. सव्वाआठला ऊन पाचटावर आलं, धूर उभा झाला, पानं जराशी हलायला लागली. तेव्हा टाकी भरली.